भूदल, नौदल की हवाई दल? सातारा-सांगलीतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

भरतीची जाहिरात निघाली की माझा फोन तापतो. माण-खटावची पोरं विचारतात, पाटणच्या डोंगरातली विचारतात, खाली वाळवा-शिराळ्याहूनही मेसेज येतात. मुलांच्या आया विचारतात. अलीकडे मुलीसाठी स्थळ बघणारे वडीलसुद्धा. प्रश्न तेच तेच असल्याने उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. मी नौदलातून निवृत्त झालो, चुलतभाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता, त्यामुळे हा वाद आमच्या घरी जेवणाच्या पंगतीला कितीदा तरी झाला आहे. माझं माप कुठे नौदलाकडे झुकलेलं दिसलं तर समजून घ्या. भरतीच्या अटी बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी चालू जाहिरात स्वतः वाचा.

1. आर्मी, नेव्ही, एअरफोर्स यांत नेमका फरक काय? सगळे फौजीच ना?

गावासाठी सगळे फौजीच. पण लढायला कोण जातं, हे तिन्हीकडे वेगळं आहे, आणि बाकीचे सगळे फरक तिथूनच निघतात.

भूदलात माणूस जातो. पाठीवर सामान, हातात रायफल, पुढे अधिकारी आणि त्याच्या बरोबरीने जवान. नौदलात जहाज जातं, आणि जहाजात जो असेल तो प्रत्येक जण जातो. वर ब्रिजवर (जहाज चालवतात ती खोली) उभा असलेला कॅप्टन जातो, इंजिनरूममधला मेकॅनिक जातो, पोळ्या लाटणारा कुकही जातो. 9 डिसेंबर 1971 ला आयएनएस खुकरी टॉर्पेडो लागून बुडाली, तेव्हा 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. हवाई दलाचं गणित या दोन्हींपेक्षा निराळं. तिथे शत्रूच्या हद्दीत जाणारे थोडे असतात आणि त्यांतले बहुतेक अधिकारी असतात. खाली धावपट्टीवर मात्र शेकडो हवाई सैनिक ते विमान उडण्याजोगं ठेवण्यासाठी रात्रभर राबतात. एका नटाची चूक वैमानिकाच्या जिवावर बेतते, म्हणून तिथली शिस्त पाय आपटण्यात कमी आणि नोंदवहीत जास्त दिसते.

आकारातही मोठा फरक आहे. भूदल बारा लाखांच्या आसपास, हवाई दल दीड लाखाच्या आत आणि नौदल त्याहून लहान.

2. आपल्याकडे फौजी म्हटलं की आर्मीच का डोळ्यासमोर येते?

कारण पलटण. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं मूळ 1768 पर्यंत मागे जातं. भूदलातल्या कित्येक रेजिमेंट ठराविक भागांतून माणसं घेत आल्या आहेत. त्यामुळे आजोबा, बाप आणि नातू एकाच पलटणीत, प्रसंगी एकाच कंपनीत, असं आपल्याकडे घडतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जण कामी आले. सांगलीकरांना शेजारचं शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी माहीत असेलच.

नौदल आणि हवाई दलात प्रांतवार पलटणी नाहीत. माझ्या मेसमध्ये एका बाजूला केरळचा, दुसऱ्या बाजूला बिहारचा आणि वरच्या बंकवर पंजाबचा. तिथून गावाला परत येताना मागे 'आपली पलटण' म्हणून सांगायला काही नसतं. वेशीवरच्या स्मारकावर, जत्रेतल्या सत्कारात, तालमीच्या भिंतीवर भूदलच दिसतं. मग पोरगं आठवीत असतानाच ठरवतं की आपण आर्मीत जाणार. तुलना करायला ते बसतच नाही. माझी तक्रार असेल तर एवढीच आहे.

3. मला मराठा रेजिमेंटच पाहिजे. तसं मागता येतं का?

पसंती सांगता येते, हक्क सांगता येत नाही. जागा किती, तुमचे गुण किती आणि त्या वेळी कुठे माणसं हवीत यावर ठरतं. आपल्या भागातली पोरं महार रेजिमेंटमध्ये, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (पूल-रस्ते बांधणारं अभियंता दल), नाशिकच्या तोफखान्यात, अहिल्यानगरच्या रणगाडा दलातही जातात. आणि चिडवाचिडवी म्हणाल तर ती दलादलांत सुरू होण्याआधी भूदलाच्या आतच सुरू होते. पायदळवाले तोफखान्याला 'दहा मैलांवरचे शूर' म्हणतात, तोफखान्याचे लोक पायदळाला 'आम्ही रस्ता साफ केल्यावर चालत येणारे' म्हणतात, आणि सॅपर दोघांनाही आठवण करून देतो की पूल आम्ही बांधला म्हणून तुम्ही नदीच्या या काठाला आहात.

4. दहावी, बारावीनंतर कुठे काय चालतं?

अग्निपथ योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली. तेव्हापासून जवानाच्या पातळीवर तिन्ही दलांत, काही मोजक्या जागा सोडल्या तर, अग्निवीर म्हणूनच जावं लागतं. चार वर्षं, आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत लोक कायम.

भूदलात जनरल ड्यूटीला दहावी, सरासरी 45 टक्के. ट्रेड्समनच्या काही जागांना आठवीही चालते. नौदलात एसएसआरला (सीनियर सेकंडरी रिक्रूट) बारावी, गणित आणि भौतिकशास्त्रासह. एमआरला (मॅट्रिक रिक्रूट) दहावी. हवाई दलात बारावीला 50 टक्के लागतात आणि इंग्रजीचे गुण वेगळे तपासले जातात. विज्ञान शाखा नसली तरी अर्ज करता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कला शाखेचा पोरगा 'एअरफोर्स आपल्यासाठी नाही' म्हणून गप्प बसतो आणि जाहिरात निघून जाते.

आपले दोन्ही जिल्हे भूदलासाठी कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे येतात. गंमत म्हणजे पुढचा प्रवास कधी कधी एकाच गावाला होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, आणि हवाई सैनिकांची प्रशिक्षण शाळाही बेळगावजवळ सांबऱ्याला. नौदलात गेलात तर मात्र थेट ओडिशा, आयएनएस चिल्का.

5. ग्राउंड कुणाचं अवघड?

भूदलाचं. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर पूर्ण 60 गुण, दहा पुलअप्सना 40. वर नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम 2023 पासून आहे. तरी अजून पोरं पहाटे चारला महामार्गाच्या कडेने पळतात आणि पुस्तक शेवटच्या आठवड्यात उघडतात. लेखीतच नाव आलं नाही तर मैदान बघायलाही मिळत नाही.

नौदल आणि हवाई दलात धावणं फक्त पास व्हायचं असतं, वेळही थोडा सैल असतो. गुणवत्ता लेखीवर ठरते. अभ्यासात बरा पण पळण्यात मध्यम असा मुलगा केवळ रिवाज म्हणून भूदलाच्याच मागे वर्षं घालवतो, ते बघवत नाही. पोहण्याचं विचारत असाल तर पुढचा प्रश्न बघा.

6. काका, आमच्याकडे विहिरीलाच पाणी नाही. पोहता येत नाही, नेव्हीत घेतील का?

घेतील. पोहणं तिथे शिकवतात. मी खटावचा, माझंही शिक्षण चिल्क्यालाच झालं. कृष्णाकाठच्या पोरांना पहिले काही दिवस सोपे जातात, एवढाच फायदा. समुद्र लागण्याचं मात्र कुणालाच सांगता येत नाही. नदीत सूर मारणारेही पहिल्या पावसाळी सफरीत बादली धरून बसतात.

7. पगार कुणाला जास्त?

मूळ पगार सगळ्यांना सारखा. अग्निवीराला तिन्हीकडे पहिल्या वर्षी महिना 30,000, चौथ्या वर्षी 40,000. त्यातले तीस टक्के निधीत जातात, सरकार तेवढेच घालतं, आणि चार वर्षांनी व्याजासह साधारण 11.71 लाख हातात येतात. कायम झालेल्या जवानाला सातव्या वेतन आयोगानुसार लेव्हल 3, सुरुवात 21,700 पासून. वर सैनिकी सेवेचे 5,200. अधिकाऱ्यांना हेच 15,500.

फरक पडतो तो भत्त्यांनी, आणि भत्ते दलावर नाही तर कामावर आणि जागेवर अवलंबून असतात. सियाचीनवर जवानाला महिना 30,000 आणि अधिकाऱ्याला 42,500 भत्ता असतो. पाणबुडीत, विमानात, कमांडो दलात वेगळे भत्ते आहेत. तेव्हा 'नेव्हीत लई पैसा' ऐकून जाऊ नका. त्या ऐकीव गोष्टीत निम्मे लोक मर्चंट नेव्हीचा पगार मोजत असतात. मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजं, तिचा संरक्षण दलाशी संबंध नाही.

8. घरी यायला कुणाला जास्त मिळतं?

कायम जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस नैमित्तिक रजा, अग्निवीराला 30 दिवस. कागदावर असं. रजा मिळते कधी, ते पोस्टिंगवर.

हवाई दलाचे तळ बहुधा शहरांना लागून असतात, पुण्याचं लोहगाव बघा. बायकापोरं सोबत ठेवता येतात, मुलांची शाळा नीट होते. भूदलात काही वर्षं फिल्ड (सीमेकडचा भाग), काही वर्षं पीस (शांत छावणी). फिल्डला कुटुंब नाही. नौदलात मुंबईला पोस्टिंग मिळालं की सगळे खूश, शनिवारी रात्रीची महालक्ष्मी पकडली की पहाटे सातारा. पण पोस्टिंग मुंबईचं असलं तरी माणूस जहाजाचा असतो. जहाज निघालं की घर मुंबईत आणि तुम्ही अरबी समुद्रात. फोनला रेंज नाही, पोराची दहावीची परीक्षा कधी झाली ते बंदरात आल्यावर कळतं.

9. जेवण कुठलं चांगलं?

भूदलात लंगर, नौदलात गॅली, हवाई दलात मेस. पदार्थ थोडेफार तेच. माझं प्रामाणिक मत, जेवण हवाई दलाचं नीटनेटकं, बडाखाना (सगळ्या हुद्द्यांची एकत्र पंगत) भूदलाचा दणक्यात, आणि समुद्रात उसळत्या लाटांवर गरम चहा हातात देणारा नौदलाचा कुक दोघांच्या वरचा.

10. तिघांचा सॅल्यूट वेगळा का असतो?

भूदलाचा तळहात समोरच्याला दिसतो. नौदलाचा जमिनीकडे वळलेला असतो. हवाई दलाचा या दोन्हींच्या मधला, 45 अंशांत. हवाई दल आधी भूदलासारखाच सॅल्यूट करायचं, 2006 मध्ये त्यांनी बदलला. नौदलाबद्दल सांगतात की शिडांच्या काळात खलाशांचे हात डांबराने काळे असायचे, ते अधिकाऱ्याला दिसू नयेत म्हणून तळहात खाली. चुलतभाऊ म्हणायचा, 'अजून धुतले नाहीत वाटतं.'

11. शेजारचा मुलगा नेव्हीत कॅप्टन आहे, माझा भाचा आर्मीत कॅप्टन आहे. दोघं सारखेच ना?

नाही, आणि यावरून लग्नाच्या बैठकीत गोंधळ झालेले मी पाहिले आहेत. भूदलातला कॅप्टन हा खालून दुसरा अधिकारी, नोकरीची दोन-तीन वर्षं झालेला तरुण. नौदलातला कॅप्टन भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा, डोक्यावर पांढरे केस आलेला माणूस. भूदलाच्या कॅप्टनशी जुळतो नौदलातला लेफ्टनंट आणि हवाई दलातला फ्लाइट लेफ्टनंट. म्हणजे 'लेफ्टनंट' ऐकून नाक मुरडू नका, आधी वर्दीचा रंग विचारा. कर्नलच्या बरोबरीला हवाई दलात ग्रुप कॅप्टन असतो.

अजून एक आडवळण आहे. जहाजाचा प्रमुख हुद्द्याने कमांडर असला तरी जहाजावर त्याला 'कॅप्टन' म्हणतात. तिथे तो शब्द हुद्दा नसून काम सांगतो.

जवानांच्या बाजूला ओळख पटवायची तर हवालदार म्हणजे नौदलातला पेटी ऑफिसर आणि हवाई दलातला सार्जंट. नायक म्हणजे लीडिंग सीमन किंवा कॉर्पोरल. सुभेदार मेजरच्या बरोबरीचे मास्टर चीफ पेटी ऑफिसर फर्स्ट क्लास आणि मास्टर वॉरंट ऑफिसर. मी पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, तर गावात कित्येक वर्षं लोकांना वाटायचं की मी पेट्या मोजायच्या खात्यात होतो. 'हवालदार' म्हणून सांगायला लागलो तेव्हा मान मिळाला.

12. एकमेकांना चिडवतात म्हणजे नेमकं काय बोलतात? भांडणं होतात का?

भूदलवाला नौदलवाल्याला विचारतो, 'पांढरे कपडे घालून लढाई होते का रे?' हवाई दलवाल्याला म्हणतो, 'तुमचं युद्ध बरं, रात्री गादीवर.' हवाई दलवाला उत्तर देतो, 'सियाचीनला तुमचं रॉकेल कोण पोचवतं ते आठव.' नौदलवाला दोघांना ऐकवतो की तुम्ही चिडलात तर बरॅकबाहेर फेरी मारून येता, आम्ही कुठे जायचं? यात खोटं काहीच नसतं, म्हणून ते झोंबतंही आणि हसूही येतं.

सामानावरूनसुद्धा माणूस ओळखता येतो. चुलतभाऊ सुट्टीवर यायचा तेव्हा एसटीच्या टपावर काळी लोखंडी पेटी असायची. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि कडीला पितळी कुलूप. आत इस्त्रीचे कपडे इतके कडक की पेटी उघडल्यावर ते उभे राहतील असं वाटे. माझ्याकडे मऊ कापडी किटबॅग, कारण जहाजावर पेटी ठेवायला जागाच नसते. तीन मजली बंक, एक छोटा लॉकर आणि कपडे सुरळी करून ठेवायची सवय. आईला त्याची पेटी आवडायची. 'त्याचं बघ कसं भरलेलं दिसतं, तू आपला बोचकं घेऊन आलास.'

काही गोष्टींना हात लावत नाहीत. शहीद झालेल्यांवरून, पलटणीच्या मंदिरावरून, कुणाच्या जखमेवरून बोलत नाहीत. नवीन पोरगं तिथे घसरलं तर त्याच्याच दलाचा सीनियर त्याला आधी गप्प करतो. अधिकाऱ्यांमध्ये धार आणखी कमी असते, कारण त्यांतले बरेच खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तीन वर्षं एकत्र रगडा खाल्लेले असतात. तिथून भूदलाचे डेहराडूनला, नौदलाचे एझिमलाला, हवाई दलाचे हैदराबादजवळ दुंडीगलला जातात. पण कोर्समेट तो कोर्समेट. पुढे वीस वर्षांनी जहाजाला विमानाची मदत हवी असते, तेव्हा कागद जाण्याआधी फोन गेलेला असतो.

13. खेळात तिघं एकमेकांविरुद्ध खेळतात की एकत्र?

दोन्ही. रणजी करंडक आणि संतोष करंडकात 'सर्व्हिसेस' हा एकच संघ असतो. आंतरदल स्पर्धांत मात्र तिघं आमनेसामने येतात, आणि भूदल इतकं मोठं की त्याचे आर्मी रेड आणि आर्मी ग्रीन असे दोन संघ उतरतात. बाकीचे दोघे याला कायम हरकत घेतात. खेळाडू कोट्यातून जायचं असेल तर भूदलाकडे जागा जास्त. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव भूदलातूनच ऑलिंपिकला गेला.

14. 1971 चं युद्ध खरं कुणी जिंकून दिलं?

हा प्रश्न माजी सैनिकांच्या मेळाव्यात विचारलात तर चहा थंड होईपर्यंत सुटका नाही.

राजस्थानातलं लोंगेवाला घ्या. 4 डिसेंबरच्या रात्री 23 पंजाबची एक कंपनी, जेमतेम सव्वाशे माणसं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींसोबत पाकिस्तानी रणगाड्यांसमोर ठाण मांडून राहिली. जैसलमेरची हंटर विमानं रात्री हल्ला करू शकत नव्हती. उजाडल्यावर ती आली आणि उघड्या वाळूत अडकलेले रणगाडे त्यांनी फोडले. हवाई दल म्हणतं रणगाडे आम्ही मारले. भूदल म्हणतं सकाळपर्यंत ते तिथे कुणामुळे थांबले? माझ्या मते दोघांचं बोलणं शब्दशः खरं आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

कराचीचं अजून मजेशीर आहे. 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. नौदल दिन त्याच दिवशी असतो. नंतर 8 डिसेंबरच्या रात्री विनाश या नौकेची क्षेपणास्त्रं गेली. कराची बंदरातले केमारीचे तेलसाठे पेटले आणि कित्येक दिवस जळत राहिले. पण हवाई दलाच्या हंटर विमानांनीही 4 तारखेला त्याच साठ्यांवर मारा केला होता. ती आग नेमकी कुणाची, यावर दोन्ही दलांच्या जुन्या अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं वाद घातला आहे. मी कुणाच्या बाजूचा, ते सांगायला नको.

आपल्या भागाने लक्षात ठेवावं असं टांगाइल आहे, आताच्या बांगलादेशातलं. 11 डिसेंबरला 2 पॅरा (मराठा) ही पलटण हवाई दलाच्या विमानांतून तिथे उतरली. ही पलटण मुळात मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच बटालियन. तिने पुंगली पूल ताब्यात घेतला, आणि 16 डिसेंबरला ढाक्यात सगळ्यात आधी शिरलेल्यांत ती होती. विमान एकाचं, छत्रीखाली लटकलेला मराठा गडी दुसऱ्याचा. यात श्रेय कसं वाटायचं ते तुम्हीच ठरवा.

कारगिलमध्ये 1999 ला तर तिघांनी आपापली नावं ठेवली. भूदलाचं ऑपरेशन विजय, हवाई दलाचं सफेद सागर, नौदलाचं तलवार. नौदलाचं नाव लोकांना आठवत नाही, कारण समुद्रात लढाई झालीच नाही. दबाव मात्र होता.

15. परमवीर चक्र नेव्हीला एकही नाही, मग नेव्ही कमी शूर का?

आजवरच्या 21 परमवीर चक्रांपैकी 20 भूदलाची. एक हवाई दलाचं, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखोंचं, 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवरच्या लढतीसाठी. नौदलाचं खरंच एकही नाही. पण भूदल सतत सीमेवर समोरासमोर असतं, आणि तिथे एकट्या माणसाचं शौर्य डोळ्यांना दिसतं. जहाजावर लढाई सगळ्यांनी मिळून होते, त्यात एकाला वेगळं काढणं अवघड. कॅप्टन मुल्लांना महावीर चक्र मिळालं (प्र. 1 पाहा). पदकांची बेरीज करून दलं मोजणारे बहुधा वर्दी न घातलेलेच असतात.

16. मुलींनी कुठे अर्ज करावा?

नौदल आणि हवाई दल अग्निवीर म्हणून मुलींना घेतात. भूदलात जवान म्हणून सध्या मिलिटरी पोलिसात जागा असतात, पायदळ आणि रणगाड्यांत नाही. अधिकारी व्हायचं तर वाट जास्त मोकळी आहे. एनडीएत मुलींची पहिली तुकडी 2022 ला दाखल झाली आणि मे 2025 मध्ये 17 जणी बाहेर पडल्या. लढाऊ वैमानिक म्हणून तीन मुली 2016 लाच आल्या होत्या. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्येही आता सहावीपासून मुली आहेत. ही देशातली पहिली सैनिक शाळा, 23 जून 1961 ची, आणि पहिली साठ वर्षं ती फक्त मुलांची होती.

17. एकदा आर्मीत गेलो आणि नंतर वाटलं नेव्ही बरी, तर बदलता येतं का?

साधारणपणे नाही. अर्ज तिन्हीकडे करा, त्याला हरकत नाही. एकदा शपथ झाली की ते दल तुमचं.

अपवाद दोन सांगतो. एक आर्मी कॅडेट कॉलेज. सेवेतल्या जवानांना तिथून भूदलाचा अधिकारी होता येतं, आणि नौसैनिक व हवाई सैनिकही त्याला अर्ज करू शकतात. म्हणजे पांढऱ्या वर्दीतला पोरगा हिरव्या वर्दीत लेफ्टनंट होऊन निघू शकतो. दुसरा डॉक्टरांचा. पुण्याच्या एएफएमसीतून (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) बाहेर पडणारे तिन्ही दलांत वाटले जातात. नौदलात गेलेला डॉक्टर पुढे सर्जन कमांडर होतो, तेव्हा त्या हुद्द्यातला सर्जन म्हणजे ऑपरेशन करणाराच असेल असं नाही.

18. सीआरपीएफ, बीएसएफ, कोस्ट गार्ड हे कशात मोडतात?

सीआरपीएफ आणि बीएसएफ गृह मंत्रालयाखाली, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं. काम धोक्याचं, पण ती सैन्यदलं नव्हेत. पेन्शन, कॅन्टीन, भरती सगळं वेगळं. कोस्ट गार्ड संरक्षण मंत्रालयाखाली आहे, 1977 पासून, तरी नौदलाहून वेगळं दल आहे. पोरं फॉर्म भरताना इथेच गोंधळतात. आणि हेही सांगून टाकतो की भूदलाकडे स्वतःची हेलिकॉप्टरं आहेत, नौदलाकडे लढाऊ विमानं आणि मार्कोस कमांडो, हवाई दलाकडे जमिनीवर लढणारे गरुड कमांडो. 'मला उडायचंय म्हणजे एअरफोर्सच' हा हिशेब त्यामुळे पूर्ण बरोबर नाही.

19. आता तिन्ही दलं एकत्र होणार म्हणतात. मग ही सगळी तुलना संपेल?

एकत्र म्हणजे एका नेतृत्वाखाली काम करणं. वर्दी एक होणार नाही. संरक्षण दल प्रमुख हे पद करायचा निर्णय डिसेंबर 2019 ला झाला, जनरल बिपिन रावत पहिले. अंदमान-निकोबारला 2001 पासून तिन्ही दलांची मिळून एकच कमांड आहे, तिथे भूदल, नौदल, हवाई दल एकाच अधिकाऱ्याला रिपोर्ट करतात. थिएटर कमांड म्हणजे हेच मोठ्या प्रमाणावर. तुलना कशी संपेल? विमानं थोडी असतात आणि मागणारे तिघं असतात. हा खरा मतभेद आहे, चिडवाचिडवीशी (प्र. 12) त्याची गल्लत करू नका.

20. मुलीसाठी स्थळ बघतोय. तिघांत कुणाला द्यावी?

अग्निवीर असेल तर चार वर्षं लग्न करता येत नाही, तेव्हा घाई करणारा मुलगा खोटं तरी बोलतोय किंवा नियम तरी वाचलेले नाहीत. कायम झालेला असेल तर दल कमी विचारा, ट्रेड (नेमकं काम) जास्त विचारा. भूदलातला क्लार्क आणि पायदळातला जवान यांच्या घरचं आयुष्य वेगळं असतं. जहाजावरचा आणि किनाऱ्यावरच्या तळावरचा नौसैनिक यांचंही. मुलीलाच विचारा की नवरा महिनोन्‌महिने बाहेर असताना सासरी साताऱ्यात राहायचं की त्याच्याबरोबर दर तीन वर्षांनी घर हलवायचं. आमच्या हिला विचारलं असतं तर तिने हवाई दल सांगितलं असतं, असं ती आजही सांगते.

21. निवृत्तीनंतर कॅन्टीन आणि दवाखाना तिघांचे वेगवेगळे असतात का?

नाही. कॅन्टीनचं कार्ड सगळीकडे चालतं, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) दवाखानाही तिघांचा एकच, 2003 पासूनचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तिघांचंच काम करतं. वारसाचं नाव, विधवेची पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती यासाठी तिथेच जायचं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आधारच्या दोन-दोन झेरॉक्स बरोबर ठेवा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गर्दी असते, त्यात रांगेतला एखादा सुभेदार 'नेव्हीवाले, सरका पुढे' म्हणाला तर सरका, तो सीनियर असतो.